'मेडिकल होम'बद्दल तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

ओरेगनमधल्या एका प्राथमिक क्लिनिकमध्ये मी केअर कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे पेशंटच्या तपासण्या, औषधं, स्पेशालिस्ट यांचा मेळ ठेवते. गणपतीत आरती झाल्यावर, हातात प्रसादाची वाटी असताना कुणीतरी हळूच बाजूला घेतं आणि विचारतं, "अगं, त्या क्लिनिकमधून एक पत्र आलंय, जरा सांगशील?" उरलेले प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, बहुतेक रात्री साडेदहानंतर. तेच ते प्रश्न निवडून, नावं-गावं काढून इथे एकत्र केलेत. अमेरिकेत याचे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे राज्याचं नाव लिहिलंय. औषधोपचाराचे प्रश्न मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

1. मेडिकल होम म्हणजे नर्सिंग होम का? की डॉक्टर घरी येऊन तपासतात?

दोन्ही नाही. पण प्रश्न चुकीचा नाही, 'होम' या शब्दानेच घोळ केलाय. एका काकूंनी मला अगदी रडकुंडीला येऊन विचारलं होतं, "म्हणजे आता आम्हाला होममध्ये ठेवणार का गं?"

मेडिकल होम म्हणजे तुमचं नेहमीचं क्लिनिक, फक्त त्याने एक जबाबदारी अंगावर घेतलेली असते. तुम्ही कुठल्याही स्पेशालिस्टकडे गेलात, हॉस्पिटलात राहून आलात, औषधं बदलली, तरी सगळ्याचा मेळ एका ठिकाणी बसला पाहिजे, आणि ते ठिकाण आपण, असं ते क्लिनिक मानतं. हा शब्द अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1967 मध्ये वापरात आणला. दीर्घ आजार असलेल्या मुलांचे कागद पाच दवाखान्यांत विखुरलेले असत, ते एका जागी असावेत, एवढाच तेव्हाचा अर्थ. हवाईतले बालरोगतज्ज्ञ डॉ. कॅल्व्हिन सिया यांनी ही कल्पना कागदांच्या फायलीतून बाहेर काढली आणि मुलाच्या सगळ्या काळजीचं ठिकाण म्हणजे हे घर, असा आग्रह धरला. मोठ्या माणसांसाठी ती आली ती 2007 मध्ये, चार डॉक्टर-संघटनांनी मिळून तत्त्वं जाहीर केली तेव्हा.

2. मग हा आपला फॅमिली डॉक्टरच झाला ना? नाव तेवढं नवं?

अर्धं बरोबर. पेठेतल्या आपल्या डॉक्टरांना तीन पिढ्यांचे आजार तोंडपाठ असायचे. आजोबांना पेनिसिलिन चालत नाही हे त्यांना फायल न उघडता माहीत असे. पण ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं. डॉक्टर निवृत्त झाले की तीन पिढ्यांचा इतिहासही गेला. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही गेलात तरच त्यांना तुमची आठवण यायची.

मेडिकल होमचा खरा कणा म्हणजे रजिस्टर. दर सोमवारी सकाळी मी एक यादी उघडते: आमच्या क्लिनिकच्या डायबेटिसच्या पेशंटांपैकी ज्यांची ए-वन-सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) सहा महिन्यांत झालेली नाही, असे. ही माणसं वेटिंग रूममध्ये नसतात, म्हणून तर ती यादीत असतात. मग मी फोन लावत बसते. जो आला त्याला तपासणं हे दवाखान्याचं काम झालंच. जो आला नाही तो का आला नाही, हे विचारायला कुणीतरी पगारावर ठेवलेलं असणं, हा माझ्या मते यातला एकमेव मोठा बदल. बाकी पाट्या आणि प्रमाणपत्रं.

3. दर वेळी डॉक्टर भेटतच नाहीत. कधी नर्स प्रॅक्टिशनर, कधी फार्मासिस्ट. पैसे पूर्ण घेतात आणि डॉक्टर अर्धा, असं आहे का हे?

राग समजू शकते, पण ही पद्धत मुद्दाम तशी आहे. सकाळी क्लिनिक उघडायच्या आधी आमची दहा मिनिटांची उभ्या उभ्या बैठक होते. आज कोण येणार, कुणाची लस राहिलीय, कुणाला एकटेपणाचा त्रास आहे, हे डॉक्टर, मेडिकल असिस्टंट, नर्स असे सगळे मिळून बघतो. इन्सुलिनचा डोस कसा हळूहळू वाढवायचा हे फार्मासिस्ट अर्धा तास बसून शिकवू शकते, डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो. झोप लागत नाही म्हणालात तर समुपदेशक त्याच खोलीत येऊन बोलतात, दुसरी अपॉइंटमेंट नाही.

तरीही तुम्हाला डॉक्टरच हवे असतील तर अपॉइंटमेंट घेताना स्पष्ट सांगा. आपल्याकडे हे सांगायला लोक संकोचतात आणि मग घरी येऊन कुरकुरतात. इथे सांगितलं तर कुणी रागवत नाही.

4. यात राज्य सरकार कुठून आलं? क्लिनिक खासगी, इन्शुरन्स खासगी.

हाच प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, आणि सगळी गंमत इथेच आहे.

समजा एका क्लिनिकमध्ये पाच इन्शुरन्स कंपन्यांचे पेशंट येतात. त्यांतली एक कंपनी म्हणाली, "रजिस्टर ठेवा, फोन करा, आम्ही जादा पैसे देऊ." आता त्या क्लिनिकने नर्स नेमायची ती फक्त त्या एका कंपनीच्या पेशंटांसाठी? बाकीच्यांना फोन करायचा नाही? आणि कुठली कंपनी एकटीच असा खर्च का करेल, जर त्याचा फायदा उरलेल्या चौघींच्या पेशंटांनाही फुकटात मिळणार असेल? म्हणून सगळ्यांनी एकदम पैसे घालावे लागतात. पण प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एका टेबलाशी बसून डॉक्टरांना काय द्यायचं ते ठरवणं हा स्पर्धा-कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. ते टेबल मांडायचा अधिकार राज्याला आहे. राज्याने बोलावलं, राज्याने देखरेख केली, तर कंपन्या एकत्र बसू शकतात.

ऱ्होड आयलंडमध्ये 2008 मध्ये हे टेबल विमा आयुक्तांच्या कार्यालयाने मांडलं, सुरुवात अवघ्या पाच क्लिनिकांपासून झाली. पुढे त्याच कार्यालयाने कंपन्यांना फर्मावलं की 2010 ते 2014 या काळात प्राथमिक सेवेवरच्या खर्चाचा वाटा दर वर्षी एक टक्क्याने वाढवा, आणि तो भार प्रीमियमवर टाकू नका.

केंद्राचं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 च्या पुढच्यांचा सरकारी विमा, या टेबलाशी बरीच वर्षं नव्हतंच. म्हणजे सगळ्यात जास्त आजारी माणसांचे पैसे देणारा बाहेर उभा. 2011-12 मध्ये ते आठ राज्यांत सामील झालं: मेन, व्हर्माँट, ऱ्होड आयलंड, न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना, मिशिगन आणि मिनेसोटा.

5. कुठल्या राज्याने नक्की काय केलं? आम्ही नॉर्थ कॅरोलायनात आहोत, भाऊ मिनेसोटात.

सगळी पन्नास राज्यं लिहीत बसत नाही, मला चांगली माहीत आहेत तेवढी सांगते.

व्हर्माँट माझं लाडकं. लहान राज्य, थंडी कडाक्याची, डोंगराळ गावं. तिथे 2003 मध्ये गव्हर्नर जिम डग्लस यांनी 'ब्लूप्रिंट फॉर हेल्थ' सुरू केलं, 2006 मध्ये त्याचा कायदा झाला आणि 2010 च्या कायद्याने ते राज्यभर न्यायचं ठरलं. त्यांची अक्कलहुशारी अशी की प्रत्येक क्लिनिकला आपापली नर्स, आपापला समुपदेशक परवडत नाही हे ओळखून त्यांनी टीम गावाला दिली. साधारण 20,000 लोकसंख्येमागे पाच पूर्णवेळ माणसं. खर्च विमा कंपन्यांनी वाटून घ्यायचा. या टीमकडे जायला पेशंटला कोपे (दर भेटीला स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम) नाही, कुठला इन्शुरन्स ते कुणी विचारत नाही. एखाद्या आजीला क्लिनिकपर्यंत यायला गाडी नाही, हा प्रश्नसुद्धा या टीमचाच. 2011 पासून वृद्धांच्या वसाहतींमध्येही अशीच माणसं ठेवली गेली.

नॉर्थ कॅरोलायनाने सुरुवात मेडिकेडपासून केली, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांच्या सरकारी विम्यापासून. 1998 मध्ये पथदर्शी प्रकल्प झाले आणि पुढे 14 प्रादेशिक जाळ्यांनी सगळं राज्य व्यापलं. 1 जुलै 2021 पासून तिथलं मेडिकेड खासगी कंपन्यांच्या हाती गेलं, त्यामुळे जुन्या लेखांतली माहिती वाचून तुम्ही गोंधळाल.

भाऊ मिनेसोटात असेल तर तिथे 'हेल्थ केअर होम' म्हणतात. 2008 चा कायदा, आणि प्रमाणपत्र राज्याचं आरोग्य खातं स्वतः देतं. मिशिगनमध्ये उलट, तिथे पुढाकार सरकारचा नव्हता, सगळ्यात मोठ्या विमा कंपनीचा होता.

आमच्या ओरेगनचं वेगळं उत्तर हवं, ते खाली 6 मध्ये.

6. ओरेगनमध्ये क्लिनिकच्या दारावर 'पेशंट-सेंटर्ड प्रायमरी केअर होम' आणि चांदण्या दिसतात. हॉटेलसारखं रेटिंग आहे का?

साधारण तसंच, पण जेवण नाही, शिस्त मोजतात. मेडिकल होमचंच हे ओरेगनमधलं नाव, 2009 च्या कायद्याने ही योजना आली. राज्याने मान्यता देणाऱ्या देशव्यापी संस्थेची मापं उसनी घेतली नाहीत, स्वतःची बनवली. अर्ज करायला क्लिनिकला पैसे पडत नाहीत, हे खेड्यातल्या दोन डॉक्टरांच्या दवाखान्याला फार महत्त्वाचं. पाच पायऱ्या आहेत आणि सगळ्यात वरच्यांना पाच चांदण्या. मला आवडतं ते हे की त्यांनी अटी पेशंटच्या तोंडून लिहिल्यात. पहिलीच अट साधारण अशी: 'आम्हाला गरज असेल तेव्हा तुम्ही असा.' प्रशासनाच्या कागदावर असं वाक्य मी क्वचित पाहिलंय.

चांदण्या कशाच्या? रात्री फोन केला तर माणूस उचलतो का, हॉस्पिटलातून सुटलेल्या पेशंटला क्लिनिक हुडकून काढतं का, मानसिक आरोग्याची तपासणी होते का, अशा गोष्टींच्या. डॉक्टर किती हुशार याच्या नाहीत. तेवढं लक्षात ठेवून पाटी वाचा.

7. माझं क्लिनिक मान्यताप्राप्त आहे का हे कसं कळेल?

रिसेप्शनवर विचारा. बहुतेक राज्यांत एनसीक्यूए या राष्ट्रीय संस्थेची मान्यता चालते, ती 2008 पासून आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर क्लिनिक शोधता येतं. जुन्या कागदांवर 'लेव्हल 3' असं दिसेल, ती पातळ्यांची पद्धत 2017 मध्ये बंद झाली. ओरेगन, मिनेसोटा यांच्या स्वतःच्या याद्या आहेत.

8. मी कुठलाही फॉर्म भरला नाही. तरी पत्र आलं की 'अमुक क्लिनिक तुमचं मेडिकल होम आहे'. ही भानगड काय?

घाबरू नका, कुणी तुम्हाला विकलेलं नाही. विमा कंपनी आधीच्या, बहुधा दोन वर्षांच्या, बिलांत बघते की तुम्ही कुठल्या प्राथमिक क्लिनिकात सगळ्यात जास्त गेलात. त्या क्लिनिकच्या खात्यावर तुमचं नाव चढतं. मग तुम्ही त्या महिन्यात गेलात किंवा नाही, तरी क्लिनिकला तुमच्यामागे दरमहा काही डॉलर मिळतात. नॉर्थ कॅरोलायनात बरीच वर्षं क्लिनिकला मेडिकेडच्या दर पेशंटमागे महिना अडीच डॉलर मिळत. रजिस्टर, फोन, नर्सचा पगार हे या पैशांतून.

यात चुका होतात. एकदा आमच्या यादीत एक गृहस्थ आले जे फ्लूची लस घ्यायला एकदाच आले होते. मी वर्षभर त्यांना डोळे तपासायचं स्मरण करत राहिले. त्यांचे खरे डॉक्टर रस्त्याच्या पलीकडच्या क्लिनिकात होते आणि डोळे कधीच तपासून झाले होते. तुमचं असं झालं तर विमा कंपनीला फोन करून क्लिनिकचं नाव बदलून घ्या. तुम्हाला दुसरीकडे जायला या पत्राने काहीच आडकाठी होत नाही.

9. म्हणजे हे एचएमओसारखं झालं. स्पेशालिस्टकडे जायला परवानगी लागणार?

नाही. परवानगी लागते की नाही हे तुमच्या इन्शुरन्स प्लॅनवर ठरतं, मेडिकल होमवर नाही. पीपीओ, म्हणजे परवानगी न मागणारा प्लॅन, असेल तर थेट जा. मात्र क्लिनिकला कळवून गेलात तर जुने रिपोर्ट आधी पोचतात, आणि तीच रक्ततपासणी दुसऱ्यांदा होत नाही.

10. वय 34, तब्येत ठणठणीत, वजन आटोक्यात. मला हे घर कशाला?

कारण आपण मराठी आहोत. दक्षिण आशियाई लोकांना डायबेटिस कमी वजनावर गाठतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2015 पासून आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय-मर्यादा 25 वरून 23 वर आणली. हे तुमच्या अर्जंट केअरमधल्या डॉक्टरांना दहा मिनिटांत आठवेलच असं नाही, तिथे ते तुमचा घसा बघत असतात. रजिस्टर असलेल्या क्लिनिकात मात्र तुमचा वंश नीट नोंदला असेल तर संगणकच आठवण करतो. म्हणून त्या फॉर्मवरचा 'आशियाई भारतीय' हा चौकोन रिकामा सोडू नका.

11. वार्षिक तपासणी फुकट म्हणाले, आणि 140 डॉलरचं बिल आलं. ही कसली पेशंट-सेंटर्ड सेवा?

आकडा वेगळा असतो, तक्रार तीच. बहुतेक प्लॅनमध्ये प्रतिबंधक तपासणीला तुमच्याकडून काही घेत नाहीत, नेटवर्कमधल्या क्लिनिकात. पण दार उघडताना हात मुठीवर ठेवून तुम्ही म्हणालात, "बरं डॉक्टर, गेले दोन महिने गुडघा दुखतोय", आणि त्यांनी गुडघा तपासला, की ती दुसरी व्हिजिट धरली जाते. एकाच दिवशी बिलाचे दोन कोड. दुसऱ्याला कोपे किंवा डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम) लागू.

मला ही पद्धत पटत नाही, हे सांगूनच टाकते. ज्या सेवेचा पाया 'सगळं एका ठिकाणी बोला' हा आहे, तिथे बोलल्याबद्दल बिल येतं. पण नियम आहे. उपाय एवढाच की आधी विचारा, "हे बोललो तर वेगळं बिल होईल का?" मेडिकेअरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: त्यांची फुकट 'वेलनेस व्हिजिट' ही मुख्यतः प्रश्नोत्तरं आणि नियोजन असते, नखशिखांत तपासणी नव्हे.

12. 'हेल्थ होम' आणि 'मेडिकल होम' एकच ना?

नाही, आणि पत्रांत दोन्ही शब्द आले की माझाही क्षणभर गोंधळ होतो. 'हेल्थ होम' हा 2010 च्या आरोग्य कायद्यातला मेडिकेडपुरता शब्द. दोन दीर्घ आजार असलेले, किंवा एक आहे आणि दुसऱ्याचा धोका आहे असे, किंवा गंभीर मानसिक आजार असलेले मेडिकेडचे पेशंट, त्यांच्यासाठी. राज्यांनी हे सुरू करावं म्हणून केंद्राने पहिल्या आठ तिमाहींचा या सेवेचा 90 टक्के खर्च उचलला. मेडिकल होम मात्र सगळ्यांसाठी.

13. एवढं सगळं करून खरंच फरक पडतो का? की नुसते कागद?

पेन्सिल्व्हेनियाची गोष्ट सांगते, कारण ती एकाच राज्यात दोन्ही बाजूंनी घडली. तिथे 2008 मध्ये दक्षिण-पूर्व भागात, फिलाडेल्फियाच्या आसपास, प्रयोग सुरू झाला. 32 क्लिनिकं, तीन वर्षं. 2014 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: गुणवत्तेच्या 11 निकषांपैकी एकच ठळकपणे सुधारला, हॉस्पिटल आणि ईआरच्या (तातडीच्या विभागाच्या) फेऱ्या कमी झाल्या नाहीत, खर्चही नाही. त्या आठवड्यात आमच्या क्लिनिकात सगळ्यांचे चेहरे पडले होते.

पुढच्याच वर्षी त्याच राज्याच्या उत्तर-पूर्व भागातल्या 27 क्लिनिकांचा अभ्यास आला. तिथे हॉस्पिटलात भरती आणि ईआरच्या फेऱ्या तुलनेने कमी झाल्या होत्या. फरक कशात? पहिल्या प्रयोगात क्लिनिकांना मान्यतेचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पैसे मिळत होते, आणि ती लगोलग प्रमाणपत्राच्या मागे लागली. दुसऱ्या ठिकाणी आपला कुठला पेशंट हॉस्पिटलात आहे याची माहिती वेळेवर मिळत होती आणि बचत झाली तर तिच्यात वाटा होता. दोन्हीकडची परिस्थिती हुबेहूब सारखी नव्हती, तेव्हा एवढ्यावरून सगळा निवाडा करू नये. पण माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. आमचा पेशंट काल रात्री ईआरमध्ये होता हे सकाळी कळलं तर मी काहीतरी करू शकते. तीन आठवड्यांनी फॅक्स आला तर मी तो फक्त फायलीला लावू शकते.

ओरेगनचा आकडा लोक फार उद्धृत करतात: पोर्टलँड स्टेट विद्यापीठाच्या 2016 च्या अहवालानुसार या योजनेपोटी प्राथमिक सेवेवर वाढलेल्या दर एका डॉलरमागे इतर सेवांतले 13 डॉलर वाचले, आणि पहिल्या तीन वर्षांत मिळून सुमारे 240 दशलक्ष डॉलर. आकडा मोठा आहे, मला अभिमानही आहे. फक्त एवढं ध्यानात घ्या की मान्यता घ्यायला स्वतःहून पुढे आलेली क्लिनिकं मुळातच उत्साही असतात.

14. इतकं चांगलं आहे तर नव्या पेशंटला तीन-तीन महिने तारीख का मिळत नाही?

डॉक्टर कमी आहेत म्हणून. प्राथमिक सेवेत पैसे कमी, संगणकावरचं काम जास्त, म्हणून तरुण डॉक्टर तिकडे फिरकत नाहीत. ओरेगनने 2017 मध्ये कायदा केला की विमा कंपन्यांनी 2023 पर्यंत एकूण वैद्यकीय खर्चाच्या किमान 12 टक्के प्राथमिक सेवेवर करावेत. पैशाने डॉक्टर एका रात्रीत तयार होत नाहीत. तोवर व्यवहारी सल्ला: नव्या गावात राहायला गेलात की बरं असतानाच पेशंट म्हणून नाव नोंदवा, आणि रद्द झालेल्या अपॉइंटमेंटच्या यादीत राहा.

15. माझी कंपनी मोठी आहे, इन्शुरन्सही उत्तम. पण मला कधीच असा फोन आला नाही. राज्याची योजना मला लागू नाही का?

बहुधा तुमच्या कंपनीचा प्लॅन 'सेल्फ-फंडेड' आहे. कार्डावर नाव विमा कंपनीचं असतं, पण बिलं तुमची कंपनी स्वतःच्या खिशातून भरते. अशा प्लॅनना 1974 च्या 'एरिसा' या केंद्रीय कायद्याचं कवच आहे, राज्य त्यांच्यावर सक्ती करू शकत नाही. आयटीतले आपले कितीतरी लोक यातच मोडतात.

हे किती टोकाला जातं ते व्हर्माँटला कळलं. सगळ्या विमाकर्त्यांनी बिलांची माहिती राज्याच्या कोठारात जमा करावी असा त्यांचा कायदा होता. एका कंपनीच्या सेल्फ-फंडेड प्लॅनवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2016 मध्ये सहा विरुद्ध दोन मतांनी राज्य हरलं. म्हणजे टेबलाशी बसणं राहू द्या, आकडे मागायचीही सक्ती नाही. काही कंपन्या आपणहून सामील होतात. एचआरला एक ईमेल टाकून विचारा, प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का आणि प्राथमिक क्लिनिकांना दरमहा रक्कम देतो का. उत्तर येईलच असं नाही, पण विचारणारे वाढले की फरक पडतो.

16. आई-बाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतात. त्यांना मेडिकल होम मिळेल?

योजनेच्या अर्थाने नाही, कारण व्हिजिटर इन्शुरन्सवाले क्लिनिकला दरमहा पैसे देत नाहीत आणि जुने आजारही बहुधा वगळतात. पण पेशंट म्हणून पैसे भरून कुठल्याही क्लिनिकात जाता येतं. जवळचं कम्युनिटी हेल्थ सेंटर शोधा. त्यांतल्या बहुतेकांना मेडिकल होमची मान्यता असते आणि फी उत्पन्नानुसार ठरते. सवलत तुम्हाला लागू होते का ते आधी फोन करून विचारा. छातीत दुखलं तर मात्र हे काही शोधू नका, 911.

17. आईला इंग्रजी येत नाही. मी सोबत गेले नाही तर कसं?

दुभाषी मागा. सरकारी निधी घेणाऱ्या क्लिनिकांना तो फुकट द्यावा लागतो, मराठीसुद्धा, बहुतेक फोनवरून. 'हिंदी चालेल का' असं विचारतात, तेव्हा भिडेखातर हो म्हणू नका. शाळकरी नातवाला दुभाषी करू नये, असा नियमच आहे.

मुलगी सोबत असली तरी दुभाषी घ्यावा, असं मी सांगते. एक आजी होत्या, दर वेळी मुलगी भाषांतर करायची: "शी इज फाइन." एकदा मुलीला यायला जमलं नाही, फोनवर मराठी बाई होत्या. आजी म्हणाल्या, "जिना चढले की जीव घाबरा होतो, आणि कसंतरीच होतं." फोनवरच्या बाईंनी 'कसंतरी'शी झगडत तीन वाक्यं वापरली. डॉक्टरांनी त्याच दिवशी ईसीजी काढला. मुलीसमोर आजी हे बोलल्या नव्हत्या, तिला काळजी नको म्हणून.

18. बाबांना मेडिकेअर आहे. क्लिनिकचा दर महिन्याला फोन येतो आणि दहा-पंधरा डॉलरचं बिलही. बंद करू का?

ही 'क्रॉनिक केअर मॅनेजमेंट' सेवा, मेडिकेअरने 2015 पासून सुरू केलेली. दोन किंवा जास्त दीर्घ आजार असतील तर महिन्यातली किमान वीस मिनिटं क्लिनिक त्यांच्या कामावर घालवतं: फोन, औषधांची जुळवणी, स्पेशालिस्टचा पाठपुरावा. त्याचा 20 टक्के वाटा बाबांचा, जोडविमा नसेल तर. यासाठी आधी त्यांची संमती घ्यावी लागते, ती बहुधा त्यांनी मान हलवून दिली असेल. उपयोग वाटत नसेल तर कधीही बंद करता येते, आणि केली म्हणून क्लिनिक नाव काढत नाही. एका महिन्याला एकच क्लिनिक हे बिल लावू शकतं, दोन ठिकाणांहून आलं तर तक्रार करा.

19. महाराष्ट्रात असं काही आहे का?

नाव वेगळं, जातकुळी जवळची. 2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, 2023 मध्ये त्यांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' नाव मिळालं. मैदानी भागात सुमारे 5,000 लोकसंख्येमागे उपकेंद्र आणि 30,000 मागे प्राथमिक आरोग्य केंद्र, असा हिशेब. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात. माझं सोमवारचं रजिस्टर ते हेच, फक्त त्या पायी फिरतात. आणि जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना शिकवून हे काम उभं केलं, तेव्हा इथे हा शब्द बालरोगतज्ज्ञांच्या बाहेर कुणाला ठाऊक नव्हता.

20. आई-बाबांचं ग्रीन कार्ड आहे. सहा महिने इथे, सहा महिने पुण्यात. मग त्यांचं 'होम' कुठलं?

पैशाच्या बाजूने: 65 पूर्ण आणि ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं इथे वास्तव्य असेल तर प्रीमियम भरून मेडिकेअर घेता येतं. लांब मुक्काम भारतात झाला तर हे 'सलग' तुटू शकतं, तेव्हा वकिलाला विचारा. भारतातल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही.

औषधांच्या बाजूने, होम म्हणजे जिथे पूर्ण यादी आहे ते. पुण्याचे डॉक्टर एक गोळी बदलतात, इथल्यांना माहीत नसतं, आणि नावंही जुळत नाहीत. आपलं पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन. एक काका सर्दीसाठी भारतातून आणलेली क्रोसिन घेत होते आणि सोबत इथलं टायलेनॉल, दोन वेगळी औषधं समजून.

म्हणून मी भारतातून आलेल्या प्रत्येकाला सांगते की पहिल्या अपॉइंटमेंटला सगळी औषधं घेऊन या, नावं लिहून नव्हे, प्रत्यक्ष. परवा एक आजी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घेऊन आल्या. फार्मासिस्टने पाकिटं टेबलावर मांडली, अकरा निघाली. त्यांत रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने होती, आणि आजी दोन्ही घेत होत्या, एक सकाळी, एक रात्री. "पुण्याची पुण्याच्या डॉक्टरांची, इथली इथल्यांची," त्या म्हणाल्या. "कुणाला वाईट वाटायला नको."